पाव तासाचे इंजिन

१ डिसेंबर १९८४ रोजी कळंबच्या मोतीबाई बडेकरच्या भातगिरणीत दहा हॉर्सपॉवरची नवी मोटर सुरू झाली आणि त्या दिवसापासून सरकारकडून तिचे रुपये दोन हजार चारशे सत्तर येणे झाले. येणे झाले म्हणजे आले असे नव्हे. या दोहोंत किती अंतर असते, ते ज्याने चार पैशांचा व्यवहार केला आहे त्याला सांगायला नको.

योजना तशी सरळ होती. डिझेल पिणारे जुने इंजिन मोडीत काढायचे, कमी वीज खाणारी सरकारी शिक्क्याची मोटर बसवायची, आणि मोटर, स्टार्टर, कपॅसिटर मिळून जे बिल होईल त्याचा तिसरा हिस्सा सरकार सूट म्हणून परत देणार. बिल झाले सात हजार चारशे दहा. मात्र पैसे आधी सगळे भरायचे होते. मोतीबाईने एक म्हैस विकली, डब्यातले होते नव्हते ते काढले, तरी कमी पडलेच. मग सासूची पुतळ्यांची माळ रुमालात बांधून ती नेरळच्या वामनशेट सोनाराकडे गहाण ठेवायला गेली. वामनशेटने आधी सुटीचा कागद वाचला आणि मग व्याज असे बसवले की गुढीपाडव्याला मुद्दल अधिक व्याज बरोबर दोन हजार चारशे सत्तर व्हावे.

“म्हणजे तुम्हाला हिशोब सोपा,” वामनशेट म्हणाले.

“माझा का तुमचा?” मोतीबाईने विचारले.

ही माळ साधी नव्हती. दिवाळीत मुलीचा, आवडीचा साखरपुडा झाला तेव्हा ती आवडीच्या गळ्यात होती, आणि शेलूच्या विहीणबाईंनी पोरीचे तोंड बघायच्या आधी पुतळ्या बोटाने मोजल्या होत्या. लग्न वैशाखात. तेव्हा गळ्यात माळ दिसली नाही, तर विहीणबाई काय बोलतील आणि किती वर्षे बोलतील, याचा अंदाज मोतीबाईला होता. ती स्वतः मुलाकडची विहीण असती तर तेच बोलली असती.

म्हणून पाडव्याच्या आत सूट हातात पडायला हवी होती. आणि सुटीला दोन अटी होत्या. मोटर भिंतीला टेकवून पैसे उचलणारे लोकही निघतात, म्हणून फेब्रुवारीअखेर गिरणीने तीनशे क्विंटल भात भरडलेले दिसले पाहिजे. आणि मीटरवर क्विंटलमागे तीन युनिटांपेक्षा जास्त वीज दिसता कामा नये.

“तीनशे?” मोतीबाई हसली होती. “तीनशे तर आमी तोंड धुयाच्या आधी भरडतो.”

हे अगदी खोटे नव्हते. मोतीबाई १९६० साली लग्न होऊन या घरात आली, तेव्हा गिरणीला दोन वर्षे झाली होती. सासरा गोमा याने ते काळे इंजिन नेरळ स्टेशनातून बैलगाडीने आणले होते. वाटेत एक जू मोडले आणि गोमाची एक बोटभर मिशी चाकात गेली, असे सांगत. सासू कशी आहे हे कळायच्या आधी मोतीबाईला इंजिन कसे आहे ते कळले. सकाळी ते रुसायचे, दुपारी गरम व्हायचे, आणि कौतुक केल्याशिवाय चालायचे नाही. “दोघींत फरक येवढाच,” ती पुढे सांगायची, “की इंजिनाला हँडल होतं.”

गोमा गेल्यावर गिरणी नवऱ्याकडे, हिरामणकडे आली. हिरामण भला माणूस. इंजिनाला कोणी बरे म्हटले की तो त्याचे भात फुकट भरडून द्यायचा. पंचक्रोशीत हे सगळ्यांना ठाऊक झाले आणि गिरणीवर इंजिनाचे गुणगान करणाऱ्यांची रांग लागली. तेव्हा मोतीबाई वजनकाट्यापाशी येऊन बसली, ती बसलीच. कोंड्यावरून भांडणारा गिऱ्हाईक आला की ती म्हणे, “कोंडा तुझाच रं बाबा, घिऊन जा. पोतं तेवढं माझं हाय, ते हितं ठेव.” ओंजळीतून कोंडा कोण नेणार? तिच्या कोंबड्या तालुक्यात सगळ्यांत लठ्ठ होत्या.

पण डिझेल महाग होत गेले. त्यात एका सकाळी हँडल उलटे फिरले आणि हिरामणचे मनगट मोडले. प्लॅस्टरमधल्या हाताने तो इंजिनाची समजूत घालत बसला, तेव्हा मोतीबाईने मोटर घ्यायचे ठरवले.

नोव्हेंबरच्या शेवटी सरकारी खात्याचे निफाडकर साहेब आले. सडपातळ, खिशाला दोन पेने, एक निळे आणि एक लाल. त्यांनी इंजिनाचा डिझेल पंप सोडवला, कापडी पिशवीत घातला, पिशवीवर लाखेचा शिक्का मारला आणि ती सोबत घेऊन गेले. आता हे इंजिन डिझेलचा थेंब पिऊ शकणार नव्हते.

“काळीज काढून नेलं रं,” हिरामण इंजिनाला म्हणाला आणि दिवसभर जेवला नाही.

“त्याचं काळीज गेलं, माझी माळ,” मोतीबाई म्हणाली. “तुमी जेवा.”

मोटर सुरेख चालली. बटण दाबले की सुरू, धूर नाही, वास नाही, रुसवा नाही. आवाज म्हणाल तर मांजर घोरावे इतकाच. सुगी संपलेली, घरोघरी भाताच्या कणग्या भरलेल्या. आणि गिरणीवर कुत्रे फिरकेना.

डिसेंबर निम्मा झाला तरी तीस क्विंटलही भरले नव्हते. जे आले ते कळंबातलेच, ज्यांना दारातून गिरणी दिसते ते. ओढ्यापलीकडच्या ओलमणचे नाही, माणिवलीचे नाही, वाडीवरचे नाही. मोतीबाई काट्यापाशी बसून रस्त्याकडे बघायची आणि हिरामण इंजिनापाशी बसून तिच्याकडे बघायचा.

“मी बोललो का काय?” तो म्हणायचा.

“नाय बोललात. त्येच आयकू येतंय मला सकाळपासून.”

तिला वाटले, लोकांना गिरणी चालू असल्याचे कळत नसेल. तिने एका उंच बांबूला तांबड्या लुगड्याचे फडके बांधले आणि छपरावर उभे केले. पण त्या बाजूला डोंगराकडेला दगडाच्या खाणी होत्या आणि सुरुंग उडवायच्या आधी तिथे तांबडे निशाण लावत. घरचा तांदूळ संपला म्हणून ओलमणची दोन माणसे भात घेऊन निघालीच होती, ती निशाण बघून ओढ्यापाशी थबकली. एक जण लांबून ओरडला, “मोतीबाय, उडाला काय गं बार?”

“कसला बार? ये की रं मुडद्या!”

“आदी उडू दे, मंग येतो!” म्हणून तो झाडाखाली बसला. तासभर वाट पाहिली आणि घरी गेला.

मग तिने भाड्याने कर्णा आणून छपरावर लावला आणि लग्नातली गाणी सुरू केली. याला मात्र माणसे आली. धुतलेले कपडे घालून, पोरेबाळे घेऊन, चांगली चाळीस-पंचेचाळीस आली. एकाच्याही डोक्यावर भात नव्हते. ओलमणची म्हातारी सोनुबाई हातात नारळ घेऊन आत आली, नव्या मोटरीला तिने हळदकुंकू लावले आणि म्हणाली, “पूजा उरकली वाटतं? उशीर झाला गं मला. परसाद हाय का संपला?”

आता दारात आलेल्या माणसाला प्रसादाला नाही कसे म्हणायचे? त्या दिवशी गिरणीत भात आले शून्य आणि घरातला रवा गेला अडीच किलो.

शिरा खाता खाता मोतीबाईने सोनुबाईला धरले. “मावशे, तुज्या घरात भात हाय ना? मग भरडायला का येत नायस?”

“येऊ कशी? तुजं इंजिन बंद हाय.”

“अगं इंजिन बंद, पण मोटर चालू हाय!”

“मंग बोलत का नाय ती?” सोनुबाईने तोंड पुसले. “इतकी वर्सं पुक-पुक आयकलं की भारा उचलायचा. नाय आयकलं तर नाय उचलायचा. वढा वलांडून डोक्यावर भात घिऊन यायचं नि कुलूप बघून परत जायचं? माझी मान काय सरकारनं दिलीय?”

मोतीबाईला आठवले, इंजिन आणल्यावर गोमाने त्याच्या धुराड्यावर घासलेटचा बूड कापलेला डबा बसवला होता. तो सजावटीसाठी नव्हता. आवाज ओढा ओलांडून ओलमणपर्यंत जावा म्हणून होता. सासऱ्याच्या त्या एका डब्याने सव्वीस वर्षे गिऱ्हाईक बांधून ठेवले होते आणि आपण मोटरीच्या नादात इंजिनच मुके करून टाकले.

दुसऱ्याच दिवशी तिने नेरळहून झहीर फिटरला बोलावले. याच्याच बापाने १९५८ साली इंजिन बसवले होते, त्यामुळे झहीर या घरात चहा विचारायची वाट बघत नसे, स्वतः चुलीवर ठेवत असे.

“झहीर, ह्ये इंजिन वाजव.”

“मावशे, पंप सरकारनं नेला. डिझेल जाणार कुठून?”

“डिझेल नको. वाजव फक्त. चालवू नको.”

झहीरने कप खाली ठेवला. इंजिनाभोवती एक फेरी मारली, मग मोटरीकडे पाहिले, मग पुन्हा इंजिनाकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर असे हसू आले की हिरामण उठून उभा राहिला.

“मावशे, आजवर इंजिनानं गिरणी फिरवली. आता गिरणीची मोटर इंजिनाला फिरवील. पट्टा टाकतो. हवा आत घेईल, दाबील नि सोडील. व्हॉल्व्ह वाईच आदी उघडेल असा बसवतो, म्हंजे हवा भस्सदिशी सुटंल. डबा हायच वर.”

“सरकारचं काय?”

“सरकारनं पिऊ नको सांगितलंय. बोलू नको कुठं सांगितलंय?”

झहीरला दोन दिवस लागले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याने पट्टा चढवला, मोतीबाईने बटण दाबले, मोटर कण्हली, मोठे चाक हलले, आणि डब्यातून आवाज आला, पुक. मग पुक-पुक. मग पहिल्यासारखा, ठेक्यात. हिरामणने डोक्यावरची टोपी काढली.

“श्वास आला बघ,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मोतीबाईने ते पाहून न पाहिल्यासारखे केले आणि ओढ्याच्या वाटेकडे नजर लावली.

सगळ्यांत आधी दिसली सोनुबाई. डोक्यावर भारा, पाठीमागे दोन सुना, त्यांच्या मागे एक बैलगाडी. आत येऊन भारा टेकवून म्हातारीने धुराड्याकडे मान वर केली.

“धूर कुटं गं?”

“धूर सरकारनं नेला.”

“नेईना का. पुक-पुक ठेवली ना, बरं केलं.”

त्या आठवड्यात गिरणीपुढे उभे राहायला जागा नव्हती. मोतीबाई खुशीत होती. मग रविवारी तिची नजर मीटरवर गेली. चकती भोवऱ्यासारखी फिरत होती. आवडी सातवीपर्यंत शिकलेली होती, तिने आकडेमोड करून सांगितले, “आये, क्विंटलला चार युनिटांच्या वर चाललंय.”

म्हणजे पेच असा पडला. इंजिन वाजवले तर भात येणार पण वीज जास्त जाणार. गप्प ठेवले तर वीज वाचणार पण भात येणार नाही. एका अटीला लोणी लावावे तर दुसरीची भाकरी करपत होती. वीज वाचवायची सरकारी मोटर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका मेलेल्या इंजिनाला श्वास देत होती.

“पट्टा काढा,” मोतीबाई म्हणाली.

“नाय,” हिरामण म्हणाला. लग्नाला चोवीस वर्षे झाली होती आणि हा शब्द त्याने बहुधा पहिल्यांदाच उच्चारला होता.

मोतीबाई काट्यावरच बसली. “बरं, मला येक सांगा. सोनुबाय भारा उचलते तवा आवाज लागतो. ती वाटंला लागली, मंग तिला काय करायचाय आवाज? ती काय अर्ध्या वाटंतनं भारा घिऊन परत जाणार हाय?”

हिरामणने विचार केला. “नाय जाणार. जड असतो.”

“मंग सकाळी पाव तास वाजवायचं. नि पट्टा खाली.”

पाव तास हा हिरामणचा झाला. आठला तो टोपी नीट करून पट्टा चढवी, इंजिनापाशी हात मागे बांधून उभा राही आणि सव्वाआठला पट्टा उतरवी. मोतीबाईला संशय होता की तो वर दोन-तीन मिनिटे चोरतो. ओलमणच्या बायका आवाज ऐकून निघत आणि पोचत तेव्हा गिरणीत मोटर मांजरासारखी घोरत असे. कोणाचीच तक्रार नव्हती. फेब्रुवारीच्या वीस तारखेला तीनशे क्विंटल पुरे झाले आणि मीटरही तिनाच्या खाली आला.

सत्तावीस तारखेला निफाडकर साहेब न कळवता आले. पहिल्या एसटीने आले, आणि कळंबच्या स्टँडवर उतरले तेव्हा आठ वाजून पाच मिनिटे झाली होती.

पुक-पुक-पुक-पुक.

साहेब जागेवर थांबले. मग जे निघाले ते लेंग्यात वारा भरल्यासारखे निघाले. गिरणीच्या दारात येईपर्यंत त्यांनी लाल पेन काढलेले होते.

“बाई! दुसरा पंप कुठून आणला?”

हिरामणचा हात पट्ट्याकडे गेला. मोतीबाईने त्याला डोळ्यांनी थांबवले.

“या साहेब. लई सकाळी आलात. चहा ठेवू?”

“चहा नको. इंजिन चालू आहे. माझ्या कानांनी ऐकतोय मी. सूट रद्द होईल, कळतंय का तुम्हाला? वर केस होईल ती वेगळी!”

माळ, विहीणबाई, वैशाख, सगळे एकदम मोतीबाईच्या डोळ्यांपुढून गेले. पण चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “साहेब, जरा धुराड्याला हात लावा.”

“भाजेल.”

“माझा नवरा लावतो आदी.” हिरामणने दोन्ही हातांनी धुराडे धरले, भाचीला कवेत घ्यावे तसे. साहेबांनी बिचकत एक बोट लावले. मग तळवा लावला. धुराडे सकाळच्या दवाने गार होते. त्यांनी वाकून पाहिले. पंपाच्या जागी भोक, भोकात चिंधी. त्यांनी नाक पुढे करून वास घेतला. वास नाही.

“मग हे चालतंय कशावर?”

“सवयीवर, साहेब.”

साहेबांची नजर पट्ट्यावरून हळूहळू मोटरीपर्यंत गेली. त्यांना समजले तेव्हा ते मटकन पोत्यावर बसले. “म्हणजे वीज वाचवायला सरकारने दिलेल्या मोटरीवर तुम्ही बंद इंजिन फिरवता?”

“पाव तासच. या, दावते तुमाला.” तिने त्यांना बाहेर बांधावर नेले. ओढ्यापलीकडून बायकांची रांग येत होती, डोक्यावर भारे, मागे तीन गाड्या. तेवढ्यात हिरामणने पट्टा उतरवला आणि पुक-पुक थांबली. साहेब रांगेकडे बघत राहिले. रांग थांबली नाही.

“आवाज नसला तर यातली येक पण येत नाय,” मोतीबाई म्हणाली. “मी निशाण लावलं, गाणी लावली. तुमच्या आपिसात काय दुसरा उपाय आसंल तर सांगा.”

ऑफिसात उपाय नव्हता. निफाडकर साहेब आत येऊन बसले, चहा घेतला, दोन वेळा घेतला. तीनशे अठरा क्विंटल त्यांनी निळ्या पेनाने मांडले. मीटर मांडला. मग मोटर पाव तास इंजिनासकट आणि पाव तास इंजिनाशिवाय फिरवून बघितली, हिरामणला दिवस विचारले, गुणाकार केला आणि लाल पेन काढले.

“सदतीस युनिटं. ही भातासाठी गेली नाहीत. ही जाहिरात झाली.”

“जायरात?”

“गिऱ्हाईक बोलवायचा खर्च. तो मालकाचा. योजनेत बसत नाही. पन्नास पैशांनी साडेअठरा रुपये. सुटीतून वजा.”

“साहेब, दोन हजार चारशे सत्तर ठरलेत.”

“दोन हजार चारशे एक्कावन्न रुपये पन्नास पैसे मिळतील. मी एक पैसाही मिळणार नाही असं लिहू शकलो असतो, बाई.”

हे खरे होते, म्हणून मोतीबाईने फक्त चहाचा कप उचलला. जाताना साहेब दारात रेंगाळले. “उद्या सकाळी मी इथे नाही,” ते म्हणाले. “पण आत्ता… पुन्हा एकदा वाजवता का?” हिरामणने पट्टा चढवला. ती विजेची जाहिरात सरकारी होती की खाजगी, हे साहेबांनी कुठे लिहिले नाही.

पाडव्याच्या आठ दिवस आधी सरकारचे पैसे आले, एक्कावन्न रुपये पन्नास पैशांसकट. मोतीबाई नेरळला गेली, वामनशेटपुढे नोटा ठेवल्या, आणि ते मोजायला लागले तशी तिने त्यांनी गादीवर काढून ठेवलेली माळ उचलून गळ्यात घातली.

“मोतीबाई, साडेअठरा कमी आहेत.”

“व्हय. ते सरकारनं कापले.”

“सरकारने तुमचे कापले. माझे कशाला?”

“शेट, व्याज सुटीचा कागद बघून तुमीच बसवलंत. मी सांगितलं होतं का, की कागद बघा? आता कागद बदलला. सरकारकडं मागा.”

वामनशेट गळ्यात पडलेली माळ ओढून घेऊ शकत नव्हते, दुकानात गिऱ्हाईक होते. लग्न झाले. शेलूच्या विहीणबाईंनी मांडवात पुतळ्या पुन्हा बोटाने मोजल्या, बरोबर भरल्या, आणि मोतीबाई त्यांच्याकडे बघून इतकी गोड हसली की विहीणबाईंनी तिसऱ्यांदा मोजल्या.

हिरामण पुढे पाव तासाचा वीस मिनिटांवर गेला. ओलमणला एसटी सुरू झाली तरी सोनुबाईच्या सुना आवाजावरच निघतात. वामनशेट दर दिवाळीला निरोप पाठवतात आणि मोतीबाई दर दिवाळीला उलटा निरोप पाठवते, की सरकारकडून आले की देते.

१९८९ च्या दिवाळीपर्यंत मोतीबाई बडेकरकडून वामनशेट सोनारांचे अठरा रुपये पन्नास पैसे येणे आहेत.